शेवटचे तीन अंक

थोरलीने अकरा वर्षं एकाच चुंबकाची उस्तवार केली होती. पापणी लवायच्या आत मोडून जाणारी अणुकेंद्रं त्याच्या सापळ्यात धरायची, ती गरगर फिरतात ते फेरे मोजायचे आणि त्यावरून वस्तुमान काढायचं, हाच तिचा संसार. आणि जिला तिनेच पाढे शिकवले ती धाकटी बहीण दोन वर्षांपूर्वी त्याच प्रयोगशाळेत आली, ती शेजारच्या खोलीत नवंकोरं यंत्र थाटून बसली. त्यात केंद्रं नुसती इकडून तिकडे धावायची आणि लागलेल्या वेळेवरून वस्तुमान निघायचं. थोरलीला चार दिवस लागत ते काम धाकटी जेवणाच्या सुट्टीआधी उरकायची. पाहुणे आले की त्यांना आधी तिकडेच नेत. थोरलीच्या पोटात दुखायचं, आणि का दुखतंय हे तिला पक्कं ठाऊक होतं.

या खेपेला दोघींनी एकच केंद्र मोजलं. सोमवारी विभागप्रमुखांपुढे दोघींनी आपापला आकडा मांडायचा होता. थोरलीचं उत्तर शुक्रवारीच आलं. शेवटचे तीन अंक चारशे बारा. मग ती पाना मागायच्या निमित्ताने शेजारी गेली. खोटं कशाला बोला, बघायलाच गेली. धाकटी जागेवर नव्हती. स्क्रीनवर मात्र चारशे सदुसष्ट होते.

झालं! आता सगळे म्हणणार, म्हातारं यंत्र चुकलं, म्हातारी बाईही चुकली. थोरलीने सगळी मोजणी पुन्हा उकरली. तिसऱ्या दिवशी खोलीचं तापमान किंचित हललं होतं. एरवी तिने तिकडे ढुंकूनही पाहिलं नसतं. आता तिने तो अख्खा दिवसच वगळला. आकडा चढून चारशे एकसष्ट झाला, आणि तिला जेवण गेलं.

सोमवारी दोन्ही आकडे फळ्यावर शेजारी शेजारी लागले. विभागप्रमुख खूश झाले. "बहिणी शोभता खऱ्या!"

"थांबा सर, माझा अजून खरा नाही," धाकटी म्हणाली. "आमच्या तंत्रज्ञांनी त्यात एक गुपित आकडा मिसळलाय. किती, ते मलाही माहीत नाही."

तंत्रज्ञांनी खिशातून पाकीट काढून फोडलं. "चोपन्न वजा करा."

फळ्यावर चारशे तेरा उरले.

"हे कशाला केलंस?" थोरलीने विचारलं.

"तुझ्यामुळे, ताई. तुझा आकडा कानावर आला असता तर मी माझा नकळत तिकडेच ओढला असता. तू चुकशील असं मला कधी वाटतच नाही गं. पण मग तुझे एकसष्ट कसे आले?"

धाकटीच्या चेहऱ्यावर नुसतं कुतूहल होतं. इतकं स्वच्छ मन हिला कुठून मिळालं, म्हणून थोरलीला त्याचाही हेवा वाटला.

"मी तुझी स्क्रीन बघितली," ती म्हणाली. "माझे चारशे बाराच आले होते."