आजीचं नाव

नळ वाहत होता आणि मॉइरा पाठमोरी उभी होती. रुओशी स्वयंपाकघराच्या दारात ताटकळली. सत्तरीच्या घरमालकिणीला नुसत्या नावानं हाक कशी मारायची? नावानंच हाक मार, असं पहिल्याच दिवशी मॉइरानं बजावलं होतं. विद्यापीठातले प्राध्यापकही तेच म्हणत. पण चीनमधल्या लानचौमध्ये वाढलेल्या रुओशीची जीभ रेटत नसे. स्कॉटलंडच्या या किनाऱ्यावर येऊन पाच महिने झाले, तरी माणूस वळून बघेपर्यंत ती थांबून राही. वर्गात तर वाक्य जुळवेपर्यंत विषय पुढे गेलेला असे. समुद्रावरून धुकं आलं की गाव विरघळून जाई, आणि आपण दुसऱ्याच कुणाच्या तरी स्वप्नात चालतो आहोत असं तिला वाटे.

मॉइरा वळली. "चेहरा का असा उतरलाय गं?"

रुओशीनं तुटक तुटक सांगितलं. आताच वडिलांचा फोन आला होता. आजी गेली. आज नाही, दोन महिन्यांपूर्वी. पोरीची परीक्षा संपेपर्यंत कळवायचं नाही, असं घरात ठरलं होतं. दर रविवारी ती आजीला फोन द्या म्हणे, आणि वडील सांगत, झोपली आहे.

मॉइराला हे पटलं नसावं, पण तुमच्याकडे गेलेल्या माणसासाठी काय करतात, एवढंच तिनं विचारलं. कागद जाळतात, रुओशी म्हणाली; धुरातून ते त्यांच्यापर्यंत पोहोचतं. मॉइरानं राखेची जुनी बादली काढली आणि कोट चढवला.

दोघी समुद्रावर गेल्या. धुक्यात वाळूवर दहा पावलांपलीकडचं दिसत नव्हतं. लाटा नुसत्या ऐकू येत होत्या.

"नाव काय होतं तिचं?" मॉइरानं विचारलं.

जिच्या कुशीत रुओशी बारा वर्षं झोपली, तिचं नाव तिला ठाऊक नव्हतं. थोरांचं नाव घ्यायचं नाही, म्हणून घरात कुणी ते कधी उच्चारलंच नव्हतं. आजी म्हणजे आजी.

तिनं वडिलांना फोन लावला. "बाबा, आजीचं नाव काय?"

पलीकडे वडील खुर्चीवरून उठल्याचा आवाज आला.

"कांग ल्यानश्यांग," वडील म्हणाले. "आईचं नाव मी आज पहिल्यांदाच घेतोय, पोरी."

रुओशीनं वाळूत गुडघे टेकून कागदावर तीन चिनी अक्षरं लिहिली. मॉइरानं ते नाव म्हणून पाहिलं. दोनदा चुकली, तिसऱ्यांदा जमलं. मग तिनं कागद बादलीत ठेवून काडी ओढली. कागद पेटला, आक्रसला. धूर थोडासा वर गेला आणि धुक्यात मिसळला. धूर कुठला नि धुकं कुठलं ते कळेनासं झालं, तरी दोघी तिकडेच बघत राहिल्या.