बेल कंडक्टरच्या हातात

ध्येय: दारापर्यंत चालणे.

खुब्याचं ऑपरेशन झालेले काका म्हणजे निवृत्त बस कंडक्टर. शिकाऊ नर्सने त्यांना आपल्या वहीत लिहिलेलं ध्येय वाचून दाखवलं. काका म्हणाले, छान आहे. आणि पडून राहिले.

ध्येय: निदान उभं राहणे.

काकांनी यालाही मान डोलावली. जन्मभर प्रवाशांना पुढे सरकवलेला माणूस स्वतः तसूभर हलेना. शिकाऊ मुलीने घड्याळाकडे पाहिलं. दुपारी परीक्षक मॅडम येणार होत्या. काका उठले नाहीत, तर या वॉर्डाची ड्यूटी पुन्हा पहिल्यापासून.

ध्येय: निदान पाय खाली सोडणे. प्लीज.

काका हसले. प्रगती एवढीच.

ध्येय:

ध्येय नर्सने आणि पेशंटने मिळून ठरवायचं असतं, हे तिला व्याख्येसकट पाठ होतं. सकाळी चहा पिता पिता तिने ते एकटीनेच ठरवून टाकलं होतं.

तिने पेन खिशात टाकलं, स्टूल ओढलं आणि विचारलं, काका, तुम्हाला कुठे जायचंय?

काकांनी आजूबाजूला पाहिलं आणि हळूच सांगितलं: संडासला. त्या बेडपॅनचा वीट आला होता. पण काल कुणीतरी चला चला करत ओढलं, तोल गेला, आणि धसकाच बसला.

“बेलशिवाय गाडी सुटते का, पोरी? डबल झाली की निघायचं, सिंगल झाली की थांबायचं. बेल मी देणार.”

“चालेल. पण आतून कडी लावायची नाही.”

काका कडीसाठी बराच वेळ हटून बसले. शेवटी दार नुसतं लोटण्यावर तडजोड झाली.

ध्येय: संडास. दार लोटून.

“टण टण,” काका तोंडानेच म्हणाले. वॉकर निघाला. मुलगी त्यांच्या कंबरेचा पट्टा धरून बाजूला. बोळाच्या मध्यावर “टण”. काका धापा टाकत उभे.

तेवढ्यात मॅडम आल्या. चालवा की त्यांना, म्हणाल्या, थांबलात कशाला?

“बेल नाही झाली, मॅडम.”

मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं. टण टण.

काकांना नीट बसवून मुलगी बाहेर आली आणि दार लोटलं. मॅडमनी तिथेच तोंडी परीक्षा मांडली. ध्येय नक्की ठरवलं कुणी?

“दोघांनी, मॅडम. दार त्यांचं, कडी माझी.”

मॅडम पुढचा प्रश्न विचारणार, तोच आतून करडा आवाज आला, “दारात गर्दी करू नका.”

मॅडम निमूट बाजूला झाल्या आणि पास झाल्याचं तिच्या कानातच सांगितलं.