ऊतरोवुर

सुन्वानं नाव ओंडक्यांवरून अर्धी खाली ढकलली, तेवढ्यात होडीघराच्या दारातून बाप म्हणाला,

“याला ऊतरोवुर म्हणू नकोस.”

“मग काय म्हणू? अख्खं बेट मासेमारीला तेच म्हणतं, बाबा.”

“ऊत म्हणजे बाहेर, रोवुर म्हणजे वल्हवणं. आमच्या तळहातांची सालटी निघायची, त्यातून आलाय तो शब्द. तू इंजिनाची दोरी ओढणार नि बसणार!”

“ओढून बघा एकदा. खांदा निखळतो.”

बापानं, दान्यालनं, हसू लपवायला नाक पुसलं. त्याचा थोरला भाऊ रोई बुडाला त्या दिवसापासून त्यानं नावेत पाय ठेवला नव्हता. मेंढ्या राखल्या, लोकर विंचरली. ‘बाप लोकर विंचरतो, पोरगी मासे मारते’ हा गावाचा टोमणाही मुकाट गिळला.

“मार्युन कुठाय?” त्यानं विचारलं. सुन्वाची ही चुलत बहीण रोज तिच्या जोडीला असायची.

“तापानं पडलीय.”

“मग एकटी जाणार?”

“दुसरं कोण येतंय?”

दान्यालनं नावेला खांदा लावला आणि ती पाण्यात तरंगताच कडेवर हात टेकून आत चढला. सुन्वानं श्वास रोखला. मग तीही चढली. मागं सुकाणूपाशी बसून तिनं इंजिन सुरू केलं.

खाडीबाहेर आल्यावर ती म्हणाली, “बाबा, उलटे बसलात. समुद्र पाठीमागं राहिला तुमच्या.”

“वल्हवणारा असाच बसतो. बाहेर जायचं, पण तोंड गावाकडे. पुढचं दिसतं ते फक्त सुकाणूवाल्याला. त्या दिवशी सुकाणूवर रोई होता. लाट मी पाहिलीच नाही. त्याचा चेहरा तेवढा पाहिला.”

इंजिन एका लयीत धडधडत होतं. आता दान्याल गावाकडे बघत नव्हता. लेकीच्या तोंडाकडे बघत होता. दोन्ही हातांनी त्यानं फळी घट्ट धरली होती.

त्याच्या पाठीमागं पाणी जरासं फुगून वर आलं. सुन्वाची नजर तिकडे गेली, भुवई हलली.

“काय आहे?”

“लहानच आहे, बाबा.”

नाव अलगद वर गेली, खाली आली. दान्यालनं फळीवरचा एक हात सोडला.