दारातली सुई

माघ सरत आला होता. कृष्णेचं पाणी आटून हिरवट, संथ, आळसावलेलं झालं होतं. काठावरच्या सावरीने पानं झाडून टाकली होती आणि अंगभर लाल फुलं माळली होती. मिरजेच्या कौलांवर, घाटाच्या पायऱ्यांवर, वाळत घातलेल्या तंबोऱ्याच्या भोपळ्यांवर दुपारचं पिवळं, कोरडं, हळदीच्या अंगाचं ऊन पसरलं होतं.

त्या घाटाच्या वाटेवर, चिंचेच्या सावलीत, एक बैठा स्टुडिओ होता. शीतल, श्यामल, शांत. आतल्या खोलीत सागवानी फडताळं, फडताळांत खोकी, खोक्यांत ध्वनिफितींची रिळं. कुणाचं भजन, कुणाची ठुमरी, कुणाचं अखेरचं कीर्तन. देह गेले होते, आवाज राहिले होते, आणि वैजयंती त्यांची राखण करत होती.

राखण कुणापासून? चोरापासून नव्हे, उंदरापासूनही नव्हे, लोहचुंबकापासून! फितीवरचा आवाज म्हणजे चुंबकानेच घातलेली अदृश्य रांगोळी. दुसरं चुंबक जवळ आलं की ती विस्कटली, आणि एकदा विस्कटली की ब्रह्मदेवाच्या बापालाही पुन्हा घालता येत नाही. म्हणून त्या खोलीत स्पीकर नाही, पंखा नाही, मोबाइलचं तर नावच नको. बिजागऱ्यासुद्धा पितळी. पर्सला चुंबकाचं बटण असलेल्या भल्याभल्या बायकांना वैजयंतीने उंबऱ्याबाहेर थांबवलं होतं. त्यांनी नाकं मुरडली, हिने ढुंकून पाहिलं नाही.

आणि बाहेरच्या दारात, खुंटीला, सुई. रेशमी दोऱ्याला मधोमध बांधलेली, शिवणाची एक साधी सुई. आलेल्याच्या खिशासमोरून, पिशवीसमोरून ती फिरवायची. जवळ चुंबक असलं की सुई चटकन मान वळवते. मंत्री आला तरी सुई, जावई आला तरी सुई. त्यात सवलत नाही.

एका माणसाला मात्र होती. विश्वंभरबुवांना. ते वैजयंतीचे मामा. स्टुडिओ त्यांनीच उभारलेला, नेम त्यांनीच घातलेले, सुईही त्यांनीच टांगलेली. आई गेली तेव्हा परकरातल्या वैजूला त्यांनीच पदरात घेतलं, आणि बोटाला धरून या खोलीत आणून शिकवलं, "पितळेचा काही उपयोग नसतो, वैजू. पितळ चुंबकाला अडवत नाही. फीत डब्यात आहे म्हणून निर्धास्त राहू नकोस हो." ज्याने सुई टांगली त्याच्यासमोर सुई धरायची? काहीतरीच! बापाच्या जागी असलेल्या माणसाची कुणी झडती घेतं का?

त्या सगळ्या फितींत एक फीत वैजयंतीच्या जिवाची होती. तिच्यावर तिची आई होती. मंदाकिनी. तिचा आवाज दुसरीकडे कुठेही नव्हता.

मामांची एक भूपाळी होती. उभ्या कृष्णाकाठाला पाठ, घराघरांत पहाटे लागणारी. गळा मामांचा, चाल मामांची, मानपत्रंही मामांची. पण या फितीवर मामा ती भूपाळी शिकत होते. चुकत होते, पुन्हा चुकत होते, आणि आई खळखळून हसत होती. "तसं नव्हे रे, दादा! इथं थांब जरा. स्वर खाली उतरू दे, मग हाक मार. दादा, ऐक ना. अरे दादा!" प्रत्येक चुकीला एक 'दादा'. चाल आईची होती.

वैजयंतीने ती फीत तरुणपणी एकदाच ऐकली होती. मग यंत्र बिघडलं, त्याचा सुटा भाग कुठे मिळेना, आणि आई खोक्यात मुकी पडून राहिली. आता यंत्र दुरुस्त होऊन आलं होतं. उद्या सांगलीची माणसं येणार, फीत संगणकावर उतरवून घेणार, आई साऱ्या जगाला ऐकू येणार. वैजयंतीला काय करू नि काय नको असं झालं होतं. मामांवर तिचा राग नव्हता. तिला फक्त आई हवी होती. तिने आपणहूनच मामांना सांगितलं, "मामा, आता आईचं नाव येईल."

मामांचे डोळे भरून आले. "येऊ दे की गं," ते म्हणाले. "उशीरच झाला म्हणायचा."

त्या हळदी दुपारी मामा आले. पांढरंशुभ्र धोतर, खांद्यावर उपरणं, काखेत पानाचा पितळी डबा. वैजयंतीने दारातली सुई अदबीने बाजूला केली. मामा फडताळाशी बसले आणि म्हणाले, "मंदाला जरा माझ्या मांडीवर दे, वैजू. उद्या ती परक्यांच्या हाती जायची."

तिने रीळ त्यांच्या मांडीवर ठेवलं आणि ती चहा टाकायला गेली. स्वयंपाकघराच्या दारातून तिला दिसत होतं. मामांनी पानाचा डबा त्या रिळावर ठेवला होता आणि ते तो हळूहळू, गोल गोल फिरवत होते. तापाने फणफणलेल्या बहिणीच्या पाठीवरून हात फिरवावा, तसे. ओठ हलत होते. डोळ्यांतलं पाणी धोतरावर टपटपत होतं. केवढी ही माया! वैजयंती पाहतच राहिली. इकडे आधण उकळून अर्ध्यावर आलं.

निघताना उंबऱ्यात डबा मामांच्या काखेतून कलंडला. झाकणावरचा लोखंडी अडकित्ता खाली पडायला हवा होता. पडला नाही. डब्याला घट्ट धरून राहिला. कात लागला असेल, असं तिला वाटलं, आणि ती कपबशा विसळायला वळली.

सकाळ झाली. चिंचेतून ऊन कवडशा-कवडशांनी आत आलं. वैजयंतीने अबोलीचा गजरा माळला, हो, यंत्रापुढे बसायला गजरा माळला! माणसं यायच्या आत एकदा आईला आपणच भेटून घ्यावं म्हणून बाहेरच्या खोलीत फीत चढवली. कळ दाबली. रीळ फिरू लागलं.

धप्. मग रिकामी घरघर. मग पाण्याखालून यावं तसं, "...दादा..." पुन्हा धप्. पुन्हा घरघर. रिळाच्या प्रत्येक वळशाला आई बुडत होती, निमिषभर वर येत होती, बुडत होती. कुठे हसण्याचा एक तुकडा. कुठे "...ऐक..." भूपाळी नव्हती. चाल नव्हती. तिने फीत पुढे नेली, मागे आणली, कान लावून लावून ऐकलं. सगळी पुसली होती. इतक्या नेटाने, इतक्या बारकाईने पुसली होती की ते अपघाताचं काम नव्हतं.

आणि मग तिला तो अडकित्ता आठवला. पितळेला लोखंड चिकटत नाही. चिकटलं, म्हणजे आत चुंबक होतं. जुन्या स्पीकरमागचं काळं, जड लोहचुंबक, विड्याच्या पानांखाली. "पितळ चुंबकाला अडवत नाही हो, वैजू." तिला शिकवलेला धडा मामांनी तिच्या आईवरच वापरला होता. तिच्या डोळ्यांदेखत! ती चहा करत असताना!

फसवलं. परक्याने नव्हे, ज्याच्या मांडीवर ती रडून रडून झोपली होती त्याने. ती माया, ते अश्रू, तो गोल गोल फिरणारा हात. त्याचं तरी काय समजायचं? अश्रू खरे होते, हेच तिला सहन होईना. तिने गजरा ओढून काढला. अबोली खोलीभर सांडली.

एवढ्यात अंगणात ओळखीची चाहूल लागली. "वैजू, चहा टाक गं! आली का ती माणसं?"

वैजयंती उठली. यंत्र तिने बंद केलं नाही. खुंटीवरची सुई तिने काढली, दारात जाऊन उभी राहिली, आणि जन्मात पहिल्यांदा ती सुई मामांच्या छातीसमोर धरली.

मामा थबकले. आज त्यांच्या काखेत डबा नव्हता. सुईकडे पाहत, कोरड्या ओठांनी ते म्हणाले, "आज नाही गं माझ्याजवळ काही."

आज. ते बोलून गेले, आणि बोललेलं त्यांनाच ऐकू आलं. मान खाली गेली.

सुई वळली नाही. सुईला चुंबक कळतं, माणूस कळत नाही. तिने मामांना निर्दोष सोडलं. वैजयंतीने सोडलं नाही. ती उंबऱ्यातून हलली नाही, नुसती हात पुढे करून उभी राहिली. मामा उन्हात उभे, ती सावलीत उभी, आणि दोघांच्या मधोमध ती साधी, सरळ, शिवणाची सुई.

पाठीमागे रीळ फिरत होतं. आवाज बुडत होता, वर येत होता, बुडत होता, आणि वर आला की हाक मारत होता, "...दादा... दादा..."