हळू सांगितलेली गोष्ट

अण्णांच्या कानात यंत्र बसवून बापलेक दवाखान्याच्या पायऱ्या उतरले आणि भर चौकात अण्णांनी दोन्ही हातांनी डोकं धरलं. कापडगिरणीत मागांच्या खडखडाटात त्यांचे कान कधीच कामातून गेले होते. आता हॉर्न, ब्रेक, रस्त्याचं खोदकाम, सगळं एकदमच अंगावर आलं.

"काढून खिशात टाकतो," ते म्हणाले.

खिशातलं यंत्र पुढे कपाटात जाणार आणि तिथेच राहणार, हे लेक ओळखून होती. समोर गोऱ्या साहेबांच्या अमदानीतलं दगडी चर्च होतं. तिने अण्णांचा दंड धरला आणि रस्ता ओलांडून त्यांना सरळ आत नेलं.

आत गारवा होता. झाडणाऱ्या बाईंनी बाकाकडे बोट दाखवलं. रंगीत काचांतून फरशीवर निळा-तांबडा उजेड सांडला होता. भिंतींवर संगमरवरी पाट्या होत्या. तापाने गेलेला कुणी तरणा अधिकारी, कुणाची बायको, कुणाचं तान्हं मूल. अण्णा पाट्या बघत निघाले ते मध्येच थबकले. एक पाऊल टाकलं, पुन्हा थांबले.

"ही माझी चप्पल वाजतेय?"

"हो अण्णा," लेक सवयीने ओरडली. आवाज छतापर्यंत जाऊन परत आला. बाईंचा झाडू थांबला.

"हळू बोल गं," अण्णा दचकले. "बहिरा आहे का मी?"

मग दोघांनाही हसू आवरेना. हसत हसत ती बाकावर टेकली, पण हळू म्हणजे किती हळू, हेच तिला उमगेना. घरी बोलायचं ते घसा ताणून. औषध घ्या, गॅस बंद करा, जेवायला चला. घसा ताणून सांगण्यासारखं जे नव्हतं, ते पोटातच राहिलं. भिंती पातळ आणि शेजारणींचे कान तिखट.

"अण्णा," ती पुटपुटली, "आमच्या बँकेतले रोखपाल मला लग्नाचं विचारतायत. पहिलं मोडलं तेव्हा नको वाटत होतं. आता हो म्हणावंसं वाटतंय. पण तुम्हाला एकटं टाकून..."

अण्णा समोरच्या खिडकीकडे बघत राहिले. ऐकू गेलं नसावं म्हणून तिने पुन्हा तोंड उघडलं.

"ऐकलं," ते म्हणाले. तिचा हात त्यांनी स्वतःच्या मांडीवर ओढून घेतला. "कधीपासून मनात ठेवलंयस?"

"बरेच दिवस."

"वेडी आहेस. कुकर मला लावता येतो. लांब मात्र जाऊ नका, एवढंच."

मग त्यांच्या प्रश्नांना तोंड फुटलं. माणूस कसा आहे, घरी कोण कोण, रागीट तर नाही ना. ती एकेकाचं उत्तर सावकाश देत गेली, ते कान देऊन ऐकत गेले. दुपार कलली तरी बापलेक उठले नाहीत.

त्या रविवारी रोखपाल चहाला आले. हिवाळ्यात लग्न झालं. साक्षीदाराच्या जागी पहिली सही अण्णांनी केली, आणि नवं जोडपं पलीकडच्याच गल्लीत राहायला गेलं.