किल्ली माझ्या खिशात

गाडी विकायचं ठरलं ते तिला न विचारता, आणि तेही तिच्याच स्वयंपाकघरात, तिच्याच हातचा चहा पीत. ठरवणारे दोघे भाऊ. थोरला तिचा नवरा, धाकटा तिचा दीर. ती ओट्यापाशी उभी होती, पण तिच्याकडे बघायचीही गरज कुणाला वाटली नाही. फ्रिजला कोण विचारतं, तुला कुठे ठेवू म्हणून?

दीर जुन्या गाड्या घेण्या-विकण्यात मुरलेला. "हे बघ दादा," बिस्किट बुडवत तो म्हणाला, "ही रेसची जात आहे. इथलं एक गॅरेज तिला हात लावत नाही. साधं तेल बदलायचं तरी ट्रकवर घालून कंपनीकडे न्यावी लागते. एक दिवस इंजिन बसलं की भंगारच. त्यापेक्षा माझ्याकडे गिऱ्हाईक आहे. रविवारी दुपारी आणतो."

नवऱ्याने मान हलवली. नवरा औषधाच्या दुकानात बसतो. लोकांच्या पोटात जाणारा थेंबन् थेंब मोजून देतो, पण धाकट्या भावाने काही सांगितलं की मोजमाप विसरतो. हा त्याचा जुनाच आजार, आणि त्यावर त्याच्या दुकानात औषध नाही.

"तेल मी बदलते," ती म्हणाली.

तेव्हा कुठे दोघांनी माना वळवल्या.

"वहिनी," दीर हसला, "ती तुमची शिकाऊ गाडी नाही हो."

हे मात्र खरं होतं. ती लोकांना गाडी चालवायला शिकवायची. दिवसभर दुसऱ्याच्या शेजारी बसायचं, शिकणाऱ्याचा हात थरथरला की आपण हसायचं, आणि उजवा पाय कायम आपल्या बाजूला बसवलेल्या जादा ब्रेकवर. इतकी वर्षं तिने लोकांना थांबवलं होतं. भिंतीपासून, खांबापासून, म्हशीपासून. मग एके दिवशी तिने स्वतःच्या कमाईने ही पिवळी, जमिनीला चिकटलेली, दोनच सीटची गाडी घेतली. जुनी, पण इंजिन असं की पाय ठेवला की पाठ सीटमध्ये रुतते. त्या गाडीत शेजारच्या सीटपुढे जादा ब्रेक नव्हता. त्यासाठीच तर घेतली होती.

"रविवारी सकाळी तेल मी बदलणार, माझ्या हाताने," ती म्हणाली. "गाडी धूर न काढता नीट चालली, तर विकायचा विषय या घरात पुन्हा निघणार नाही. नाही चालली तर किल्ली मी स्वतः तुमच्या हातात देईन. आहे कबूल?"

"कबूल!" दीर इतक्या झटकन म्हणाला की त्याने गाडी मनात विकून टाकल्याचं कळलंच.

रविवारी तिने बाह्या सरसावल्या. इंजिन आधी थोडं गरम करून घेतलं, कारण थंड तेल मधासारखं चिकटून बसतं. मग गाडी जॅकवर उचलली, चारी बाजूंनी स्टँड लावले, हलवून पाहिलं, पुन्हा हलवून पाहिलं. पाठीखाली जुनी सतरंजी घातली आणि सरपटत आत गेली.

गॅरेजच्या दारात सासूबाई खुर्ची टाकून बसल्या होत्या. दीर वहिनीच्या नावाने बोटं मोडतो हे त्यांना ठाऊक होतं, आणि रविवारी टीव्हीवर काही धड नव्हतं.

"अगं, आत काय दिसतं?"

"पत्रा, आई. पोटाला पत्रा लावलाय, तो आधी काढायचा."

"कॉर्सेटच म्हण की. माझ्या ऑपरेशननंतर पोट आवळायला मलाही लावलं होतं. श्वास घेता येत नाही."

पत्रा निघाला. या गाडीत तेल काढायचे बोल्ट दोन. एक इंजिनाच्या पोटाला, दुसरा तेलाच्या वेगळ्या टाकीला. इतर गाड्यांत तेल इंजिनाच्या तळाशीच पडून असतं. ही जोरात वळली की तळातलं तेल एका बाजूला पळेल आणि इंजिन कोरडं घासेल, म्हणून हिचं तेल बाजूच्या टाकीत ठेवलेलं. तिने पहिला बोल्ट सोडला. काळी धार टबात पडली, आणि त्यातली बरीच तिच्या कोपरावरून बगलेत गेली.

"शी!" सासूबाई म्हणाल्या. "आता ती साबणाची वडी तुझीच. मला नवी काढून दे."

दोन्ही बोल्टांना नवे वॉशर, नवा फिल्टर. बोल्ट आधी हाताने फिरवले, सहज फिरतात तोवरच. अ‍ॅल्युमिनियमचे आटे असतात, मनगटाचा माज दाखवला की कायमचे जातात. मग जोर मोजणाऱ्या टॉर्क पान्याने टक्क आवाज येईपर्यंत आवळले. पत्रा पुन्हा लावला, गाडी खाली उतरवली, नवं तेल ओतलं, पण सगळं नाही. दोन डबे सील न तोडता कपाटावर ठेवले. इंजिन तापल्यावर, चालू ठेवूनच, तेलाची पातळी दाखवणारी दांडी बघायची आणि लागेल तेवढंच घालायचं, असा या इंजिनाचा रिवाज. ते तापवायच्या आधी हात धुवायला हवे होते. किल्ली तिने सवयीने पँटच्या खिशात टाकली आणि ती आत गेली.

सासूबाईही चष्मा शोधायला आत आल्या. तेवढ्यात दीर आला, भावाला घेऊन गॅरेजमध्ये शिरला आणि त्याने अक्कल पाजळली.

ती परत आली तेव्हा कपाटावरचे दोन्ही डबे जमिनीवर होते. रिकामे. नवऱ्याच्या हातात फनेल, आणि चेहऱ्यावर जीव वाचवल्याचं समाधान.

"अगं, थोडक्यात वाचलं बघ! दांडी कोरडी ठणठणीत होती. तू तेल घालायला विसरलीस!"

"मी बघितलं म्हणून बरं," दीर म्हणाला. "वहिनी, किल्ली द्या, चालू करून बघू. मघापासून शोधतोय."

तिचा हात आधी खिशावर गेला. किल्ली गाडीतच राहिली असती तर? जादा तेल हवेच्या नळीतून इंजिनात गेलं असतं. पांढऱ्या धुराचा लोट उठला असता, आणि दुपारी येणाऱ्या गिऱ्हाइकाला दिराने हळहळत सांगितलं असतं, काय करणार, वहिनींनी तेल बदललं. कबूल केल्याप्रमाणे तिला किल्ली द्यावी लागली असती.

"किल्ली माझ्या खिशात आहे," ती म्हणाली. "तिथेच राहील."

"अहो पण..."

"भाऊजी, थंड इंजिनात टाकीतलं तेल खाली झिरपतं. दांडी कोरडीच दिसते. पुस्तकात पहिल्या पानावर लाल अक्षरात लिहिलंय. तुम्ही गाड्या विकता ना? मग एखादीचं पुस्तक उघडा कधी."

"मी इतकी वर्षं या धंद्यात..."

"इतकी वर्षं लोकांच्या गाड्यांत काय काय ओतलंत, त्याची मला आता काळजी वाटायला लागलीय."

दाराशी परत आलेल्या सासूबाईंना ठसका लागला. तो खोटा होता.

मग ती नवऱ्याकडे वळली. त्याच्यावर ती कधी ओरडत नसे, आणि आत्ताही ओरडली नाही. तेच त्याला जास्त लागलं.

"दुकानात तुम्ही कुणाच्या सांगण्यावरून कुणाच्या तोंडात औषध ओतता का हो? चिठ्ठी न बघता?"

"मला वाटलं, तू विसरलीस."

"मी आतच होते. एक हाक मारायची होती. मला विचारायला काय झालं होतं?"

तो फनेलकडे बघत राहिला, जणू चूक फनेलची होती.

"आई, एक स्वच्छ पातेलं मिळेल का? मोठं."

"माझं चांगलं घे. तेलाचा वास राहिला तर या ओतणाऱ्यालाच त्यात डाळ शिजवून वाढू."

ती पुन्हा सतरंजीवर आडवी झाली. जॅक, स्टँड, पत्रा, सगळं पहिल्यापासून. टाकीचा बोल्ट तिने सोडला, चकचकीत नवं तेल पातेल्यात घेतलं, ओतलेल्यापेक्षा थोडं जास्तच, आणि पुन्हा नवा वॉशर लावून बोल्ट आवळला. दीर बाहेर फेऱ्या मारत होता. "आता काही खरं नाही," असं तो दोनदा मोठ्याने म्हणाला. दुसऱ्यांदा त्याची आई म्हणाली, "खुर्ची आण आणि गप बस."

गाडी सपाट जमिनीवर आली. तिने किल्ली फिरवली.

आधी खोकल्यासारखा एक आवाज, मग ती खोल, भरदार गुरगुर, जिने कपाटातले पाने किणकिणले. मागे धूर अजिबात नाही. ना पांढरा, ना निळा. तिने इंजिन चांगलं तापू दिलं. नवरा धुराच्या नळीकडे असा बघत होता जसा माणूस ऑपरेशनच्या खोलीच्या दाराकडे बघतो. तापमानाचा काटा जागेवर आल्यावर ती उतरली आणि इंजिन चालू असतानाच दांडी उपसली.

"अहो वहिनी, चालू इंजिनात?" दीर ओरडला.

तिने दांडी फडक्याने पुसली, आत घातली, पुन्हा काढली. खूण थोडी खाली होती. पातेल्यातलं तेल तिने फनेलमधून जरा जरा घातलं आणि पुन्हा बघितलं. मग ती दांडी दिराच्या नाकासमोर धरली. दोन रेघांच्या बरोबर मधे, सोनेरी.

"वाचा."

"ठीक आहे," तो पुटपुटला.

"मोठ्याने. आईंना ऐकू येत नाही."

"मला येतं," सासूबाई म्हणाल्या, "पण मोठ्याने म्हण."

"ठीक आहे तेल!"

"आता गिऱ्हाइकाला फोन लावा. सांगा, गाडी विकायची नाही."

"सांगतो संध्याकाळी. एवढी काय घाई..."

"आत्ता. माझ्यासमोर. कबूल झटकन केलं होतंत, तेवढ्याच झटकन."

त्याने मोठ्या भावाकडे बघितलं. आयुष्यभर तिथून मान हलत आली होती. पण थोरला आज फनेल बाजूला ठेवून म्हणाला, "लाव रे फोन. गाडी तिची आहे."

ती खूश वगैरे झाली नाही. एवढं वाक्य बोलायला या माणसाला दोन डबे तेल ओतावं लागलं, हे ती काही लगेच विसरणार नव्हती. पण तिने ते ऐकलं आणि ऐकल्याची नोंद मनात ठेवली.

फोन झाला. तिने टबातलं जुनं काळं तेल कॅनमध्ये भरलं आणि तो घट्ट बंद करून दिराच्या हातात दिला. "हे गटारात ओतायचं नसतं. तुमच्या यार्डात जुन्या तेलाची टाकी आहे ना? जाताना न्या."

"माझा शर्ट पांढरा आहे वहिनी."

"मग जरा लांब धरा."

सासूबाईंनी तोवर उजव्या हाताने दार धरून गाडीत बसायचा प्रयत्न सुरू केला होता. सीट इतकी खाली की त्या अर्ध्यावर लटकल्या. "ढकल गं मला आत. बाहेर कसं काढायचं ते नंतर बघू."

"मी पण येऊ?" नवऱ्याने विचारलं.

"दोनच सीट आहेत. तुम्ही फरशी पुसा. साबणाची वडी न्हाणीघरात आहे, काळी झालीय ती घ्या, नवी आईंची आहे."

मोठ्या रस्त्याला लागल्यावर तिने पाय दाबला. सासूबाईंची पाठ सीटमध्ये रुतली, चष्मा नाकावर दाबला गेला, आणि नकळत त्यांचा पाय समोर ब्रेक शोधू लागला.

"नाहीये, आई," ती म्हणाली.

"बरं झालं," सासूबाई म्हणाल्या. "अजून दाब."