पाठीमागून सांगितलेलं

मागावर काम करणाऱ्यांच्या घरात हळू कुणी बोलत नाही. दिवसभर यंत्रांच्या खडखडाटात ओठ वाचायचे, हातवारे करायचे. घरी आलं तरी तीच सवय. तोंडासमोर तोंड आणि आवाज टिपेला. "आपल्या घरातलं गुपित आधी गल्लीला कळतं, मग आपल्याला," असं आत्या म्हणायची, तेही ओरडूनच.

त्या दिवशी आई शाळेतून परतली ती तोंड मिटून. मुलगी सातवीत. बाईंनी स्पष्टच सांगितलं होतं, "पुन्हा नापास. माझ्या तोंडाकडे टक लावून बघत बसते, आणि मी फळ्याकडे वळले की हिचं लक्ष उडालंच. कशाला ओढताय तिला?"

"बाई खोटं कशाला बोलतील?" आत्या म्हणाली. "माझ्याबरोबर मागासाठी सुताच्या कांड्या भरायला येऊ दे. हात चपळ आहेत पोरीचे."

आईने मान डोलावली खरी, पण लेकीच्या डोळ्यांत बघून हे सांगायचं कसं? संध्याकाळी वेणी घालायला ती तिच्या पाठीमागे बसली. मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं आणि जन्मात कधी बोलली नव्हती इतक्या हळू म्हणाली, "बाळा, उद्यापासून शाळा बंद."

मुलगी रडली नाही. दचकलीही नाही.

"आई, उद्या निळी रिबीन बांधशील? वर्गात सगळ्यांच्या निळ्या आहेत."

आईच्या हातातले पेड सुटले. तिने पुन्हा तेच सांगितलं. मग नुसती हाक मारली, तीही हळूच. समोरची मान वळली नाही. लहानपणी हिचे कान वाहायचे. वाहायचे थांबले तेव्हा सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला होता. आई उठून समोर गेली. आता तिला बघून मुलगी हसली, "काय गं, का रडतेस?"

कानाच्या डॉक्टरांनी दोन्ही कान तपासले. "पडद्यांना भोकं आहेत. ऑपरेशनने पुष्कळ फरक पडेल. घरात कुणाच्याच लक्षात आलं नाही?"

"आम्ही ओरडतो हो," आई एवढंच म्हणाली.

ऑपरेशनची तारीख सुट्टीतली मिळाली. तोवर काय करायचं, ते सांगायला आई पुन्हा शाळेत गेली. बाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"मला वाटलं, माझ्याकडे रोखून बघते ते उर्मटपणानं," त्या खालच्या आवाजात म्हणाल्या.

आई निघाली, पण वर्गाच्या दारापाशी पाय अडखळला. मुलगी पहिल्या बाकावर बसली होती, वेण्यांना निळ्या रिबिनी. बाई खडू घेऊन फळ्याकडे वळल्या, बोलायला लागल्या आणि मध्येच थांबल्या. मग खडू खाली ठेवून वर्गाकडे तोंड केलं आणि तेच वाक्य पहिल्यापासून सांगितलं.

मुलीने पेन्सिल उचलली. आईने दारातूनच हात जोडले.